कुऱ्हाडींची किल्ली

आमच्या दूध सोसायटीत दूध कमी आणि गप्पाच जास्त गोळा व्हायच्या. दुधाची गाडी यायला उशीर झाला की रिकाम्या कॅनवर बसून माणूस दुसरं करणार तरी काय? मी तिथला सेक्रेटरी. गाडी दूध घेऊन जायची, गप्पा माझ्याकडंच राहायच्या. आता रिटायर होऊन घरी बसलोय तर बायको म्हणते, "तुमचे ते किस्से एकदाचे कुणाला तरी सांगून टाका, मला पाठ झालेत." म्हणून आज तुम्हाला धरलंय.

गाव आमचं धारूर आणि वडवणीच्या मधे. डोंगराच्या कुशीत वसलंय असं लोक म्हणतात, पण आमचं गाव उतरणीला लटकलेलंय. डोक्यावर भैरोबाचा डोंगर. म्हातारी माणसं सांगायची की तिथं धावडा, खैर, सालई अशी दाटी होती की हरवलेली गाय दिवसा सापडायची नाही. मी सेक्रेटरी झालो तोवर डोंगरावर बसलेला कावळासुद्धा आमच्या ओसरीवरून दिसायचा.

त्यात दुष्काळ पडला. चारा संपला, म्हशी बाजाराच्या वाटेला लागल्या आणि सोसायटीतले कॅन पालथे पडले. आमचे चेअरमन रंगनाथआबा. माणूस मोठ्या आवाजाचा, मनानं लोण्याचा. त्यांनी हिशोब सोपा मांडला, "डोंगर राखला तर गवत, गवत असलं तर म्हैस, म्हैस असली तर सोसायटी. न्हाईतर सेक्रेटरी, तू आन मी दोघंबी उसाच्या टोळीत."

झालं! वनसमिती निघाली. माणसं तीच, खुर्च्या त्याच. सकाळी दूध, दुपारी जंगल.

*

समिती निघाली म्हणून शहरातून एक साहेब आले. चांगला माणूस होता, पण आल्या आल्या चुकीचा प्रश्न विचारला. म्हणाले, "आधी मला सांगा, हे जंगल तोडलं कुणी?"

आबांनी शेजारच्या गावाकडं बोट दाखवलं. कुणी कोळशाच्या ठेकेदाराचं नाव घेतलं, कुणी वीटभट्टीवाल्याचं. आमचे फॉरेस्ट गार्ड साळवेसाहेब छताकडं बघत बसले. कोपऱ्यात बापूतात्या होते, गावातलं सगळ्यात जुनं माणूस. ते म्हणाले, "साहेब, तुमी बसलाव ती खुर्ची सागाची. वरची तुळई धावड्याची. माज्या घरचं दार, ह्याचा नांगर, त्याच्या गाडीचं जू, समदं वरूनच आलंय. डोंगर कुटं गेला न्हाई. गावात राहायला आलाय."

साहेब हसले, पण खुर्चीत जरा सावरून बसले.

तात्यांनी मग पुढचंही सांगितलं. ते हसण्यासारखं नव्हतं. कोळशाच्या भट्ट्या लागल्या तेव्हा ट्रकच्या ट्रक भरून मांजरसुंब्याकडं जायचे आणि रस्त्यात त्यांना कुणी हात दाखवत नव्हतं. बायका डोक्यावर मोळी घेऊन उतरल्या की मात्र कायदा जागा व्हायचा. "ट्रकाला परवाना हुता," तात्या म्हणाले, "डोस्क्याला नव्हता."

*

मोळीवरून आठवलं. साळवेसाहेब वडवणीकडचे, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातल्याशिवाय ड्यूटीवर न निघणारे, शिस्तीचे. त्यांनी एकदा पाच-सहा बायकांच्या मोळ्या धरल्या. जप्ती केली. जप्त माल ठेवायचा कुठं? त्यांची खोली एवढीशी. तेव्हा सोसायटीच्या मागं रचून ठेवला आणि मला म्हणाले, "सेक्रेटरी, सरकारी माल आहे, लक्ष ठेवा."

मी ठेवलं की लक्ष. पण आमचा चहा चुलीवर व्हायचा आणि दुष्काळात जळण मिळायचं नाही. एक ढलपी आज, एक उद्या.

आठवड्यानं त्याच बायका दूध घालायला आल्या. मी साळवेसाहेबांसाठी चहा ठेवला होता. त्यातल्या एकीनं चुलीत बघितलं, मग साहेबांकडं बघितलं आणि शांतपणे खाली बसली. म्हणाली, "आमालाबी द्या कपभर. लाकूड आमचंच हाय."

साळवेसाहेबांनी आपला कप तिच्यापुढं सरकवला. त्या दिवसानंतर त्यांनी वाळलेली मोळी कधी धरली नाही. ओल्याला मात्र सोडलं नाही.

*

आता मुख्य गोष्ट. समितीनं ठराव घेतला, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. डोंगरावर जनावर सोडायचं नाही, विळ्यानं गवत कापून आणायचं. आणि गावातल्या सगळ्या कुऱ्हाडी सोसायटीच्या मागच्या खोलीत जमा.

सगळे माना डोलवत होते. तेवढ्यात कौसाक्का उठली. धनगरवाड्यातली विधवा बाई, चाळिशी उलटलेली, तिचं सगळं घरदार तिच्या शेळ्यांवर. ती म्हणाली, "तुमचं बरं हाय. म्हशीला गवत कापून घालता यील. माज्या शेळ्या गवत खात न्हाईत, पाला खात्यात. माज्या बापानं, आज्यानं हितंच चारल्या. त्यायनी एक झाड न्हाई तोडलं. तोडलं तुमी, आन घरी बसायचं माज्या शेळ्यांनी?"

डोलणाऱ्या माना थांबल्या. कारण बाई खरं बोलत होती.

आबा उठून तिच्यापाशी गेले. "कौसे, तुजं खरं हाय. पर तुज्या शेळ्या सोडल्या तर उद्या कुणाच्या अडवू? सोसायटीतून तुला म्हैस देतो. दूध मी सवता घेतो. तू सांग, आनखी काय करू?"

तिनं रात्रभर विचार केला असावा. सकाळी येऊन म्हणाली, "शेळ्या इकणार न्हाई. धारूरच्या पलीकडं भावाकडं नेऊन सोडते. पर कुऱ्हाडीच्या खोलीची किल्ली माज्याकडं राहील. आन ज्या दिशी डोंगरावरची एक फांदी कुणी तोडंल, मग तो चेअरमन का असंना, त्या दिशी माज्या शेळ्या परत डोंगरावर."

"आन मग माज्याबी," मागून कुणीतरी म्हणालं. "माज्याबी," आणखी कुणी.

म्हणजे बघा, डोंगर कशावर उभा होता. एका बाईच्या शब्दावर. तिचा शब्द गेला असता तर आठवड्यात डोंगर चाटूनपुसून साफ झाला असता, आणि पुन्हा कुणाला अडवायला तोंड उरलं नसतं.

*

शेळ्या जायच्या आधी त्यांनी समितीचं एक काम मात्र केलं. डोंगरावर झाडं लावायची होती. साळवेसाहेब म्हणाले, "दरवर्षी रोपं लावतो, दरवर्षी शेजारच्या गावची शेळी आत घुसून खाते. एकदा शेळीलाच विचारू ना."

सोसायटीपुढच्या पटांगणात रोपं मांडली. कौसाक्काची चांदी नावाची शेळी परीक्षक. आम्ही सगळे बाजूला उभे, दहावीचा पेपर असल्यासारखे. चांदीनं सुबाभूळ खाल्लं. बोर खाल्लं. कडुलिंबाला नाक मुरडेल वाटलं, तेही खाल्लं. सीताफळापाशी आली, हुंगलं, आणि तोंड फिरवून माझ्या धोतराच्या सोग्याकडं वळली.

"पास," साळवेसाहेब म्हणाले.

आज आमच्या डोंगरावर जी सीताफळं दिसतात ना, ती एका शेळीनं नापसंत केली म्हणून आहेत. सोगा तिनं पसंत केला, ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी कौसाक्का शेळ्या घेऊन निघाली. मी दुधाच्या खोलीतून बघत होतो. जाताना एकेकीला नावानं हाक मारत होती, येताना एकटी चालत आली. मला लई वाईट वाटलं. दर बाजारच्या दिवशी ती धारूरला जायची आणि भाजी घ्यायच्या आधी शेळ्यांना भेटून यायची.

*

कुऱ्हाडी खोलीत गेल्या आणि लगेच बापूतात्या आजारी पडले. तसे आजारी पडले की घरच्यांनी पाहुण्यांना निरोप धाडले. तात्या आत खाटेवर, आम्ही बाहेर ओसरीवर. आणि कुणालातरी सुचलं, लाकडाचं काय?

सरणाला लाकूड लागणार. कुऱ्हाडी आत. किल्ली कौसाक्काकडं. तिच्या अटीप्रमाणं डोंगरावरची एकही फांदी तोडायची नाही. साळवेसाहेब म्हणाले, "फॉरेस्टच्या डेपोतनं लाकूड आणावं लागेल. पण उद्या-परवा सुट्टी आहे, सोमवारशिवाय काही व्हायचं नाही."

आबा आत गेले, तात्यांच्या कानाशी वाकले. बाहेर ऐकू येईल असं म्हणाले, कारण त्यांना हळू बोलताच येत नसे, "तात्या, सोमवारपतूर दम धरा. लाकडाची सोय लागंना."

तात्यांनी डोळे उघडले. "कावून? माज्या मरणाला बी आता समिती लागती का बे?"

"ठरावाला पयला हात तुमचाच हुता न्हवं, तात्या."

तात्या कोपरावर रेलून उठले. मग म्हणाले, "पेज आणा."

सोमवारी लाकूड आलं. तात्या ओसरीवर बसून ते उतरवून घेत होते. त्या लाकडावर पुढं त्यांच्या नातवाच्या बारशाचा स्वयंपाक झाला.

*

लाकूड कमी जळावं म्हणून निर्धूर चूल आली. शिकवायला एक मॅडम आल्या. गावच्या सगळ्या बायका सोसायटीत जमल्या. मॅडमनी चूल लिंपून दाखवली, पन्हाळीसारखं धुराडं बसवलं आणि म्हणाल्या, "आता बारीक केलेलं लाकूड द्या. ह्या चुलीला जाड ओंडका चालत नाही."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बारीक करायचं कशानं? किल्ली कौसाक्काकडं, आणि तो नेमका बाजाराचा दिवस, ती शेळ्यांकडं गेलेली.

मॅडमची एसटी निघायची वेळ होत आली. मग आबांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, सोसायटीची एक खुळखुळी खुर्ची उचलली आणि ओट्यावर आपटली. पाय निघाले, हात निघाले, पाठीच्या पट्ट्या तर चुलीसाठीच घडवल्यासारख्या निघाल्या. चूल पेटली. भाकरी टम्म फुगली. धूर गेला धुराड्यातनं वर.

"बघा," मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "धूर नाही."

"धूर न्हाई," काकी म्हणाल्या. "आन आता सेक्रेटरीला खुर्चीबी न्हाई."

तेव्हापासून मी कॅनवरच बसायचो.

*

पाडव्याच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली. दुसऱ्याच दिवशी साळवेसाहेब घाम पुसत सोसायटीत शिरले. "चेअरमन, बांधावरच्या बाभळी सपासप तुटतायत. कुऱ्हाडबंदी आहे ना गावात?"

आम्ही जाऊन बघितलं. सगळ्यांच्या हातात कोयते.

आता सांगा, कुऱ्हाडबंदीचा ठराव करताना आमच्या एकाच्याही डोक्यात कोयता आला नव्हता. अर्धं गाव दर साल कोयता घेऊन कारखान्यावर जातं. कोयता घरात देवासारखा खुंटीला असतो, दसऱ्याला पुजायचा. त्यानं झाड तोडता येतं हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही. बाहेरच्या माणसाला हे पहिल्या दिवशी सुचलं असतं.

आबांनी मीटिंग घेतली. कोयते जमा करा म्हटल्याबरोबर बायका उठल्या. "कोयता ठिवला आन किल्ली हारवली, तर दिवाळीनंतर मुकादमापुढं हात हलवत उभं राहायचं का?" त्यांचंही बरोबर होतं. कोयता म्हणजे त्यांची नोकरी. नोकरी कुणी खोलीत कोंडत नाही.

शेवटी बापूतात्यांनी तोडगा काढला. "लिवा सेक्रेटरी. कोयता फकस्त उसावर चालंल."

"पण तात्या," साळवेसाहेब म्हणाले, "आपल्या गावात ऊस कुठंय? प्यायला पाणी नाही."

"म्हणून तर लिवा म्हणतो."

ठराव एकमतानं पास झाला. बाभळी वाचल्या. डोंगराला कुणाचा कोयता लागला नव्हता, हे कौसाक्कानं स्वतः वर फिरून बघितलं आणि मगच पाणी प्यायली.

*

आणि मग आबांच्याच घरात लग्न निघालं. थोरली लेक, छबू. पाहुणे माजलगावकडचे, कालव्याखालचे, ऊसवाले. त्यांना सगळं रीतीप्रमाणं हवं होतं. आणि आमच्याकडं लग्नाची पहिली रीत म्हणजे मांडवडहाळे. बैलगाड्या सजवायच्या, वाजतगाजत रानात जायचं, उंबराच्या, जांभळीच्या हिरव्या फांद्या तोडून गाड्या भरायच्या, मारुतीला फेरी घालून त्या मांडवावर टाकायच्या. हिरवा डहाळा पडल्याशिवाय मांडवाला मांडव म्हणत नाहीत.

बांधावर हिरवे उंबर राहिले नव्हते. दुष्काळात जनावरांना पाला घालून घालून सगळे बोडके झाले होते. हिरवे उंबर होते ते फक्त वर, राखलेल्या डोंगरावर.

आबांची भावकी त्यांच्या मानगुटीवर बसली. "पयल्या लेकीचं लगीन. बिनडहाळ्याचा मांडव? पाहुणे तोंडात शेण घालतील." काकी दोन दिवस जेवल्या नाहीत. आबांचा आवाज पहिल्यांदाच खाली आलेला मी ऐकला. मला म्हणाले, "सेक्रेटरी, ठराव माजा. आन घाव बी माजाच पडायचा का?"

संध्याकाळी ते कौसाक्काकडं गेले. मी सोबत होतो. ती म्हैस पिळत होती. आबा म्हणाले, "कौसे, एक दिसासाठी किल्ली दे. चारच फांद्या."

तिनं धार थांबवली नाही. म्हणाली, "सकाळी गाड्या जुपा. मी कुऱ्हाडी घिऊन येते."

आबांना वाटलं, मानलं हिनं. मलाही तसंच वाटलं. पण सकाळी गाड्या डोंगराच्या पायथ्याला गेल्या तर तिथं कौसाक्काचा भाऊ उभा. आणि त्याच्यामागं सगळ्या शेळ्या. तिनंच रात्री निरोप धाडला होता.

बँड वाजत होता तो आपोआप हळू झाला. कौसाक्का पहिल्या गाडीत होती, मांडीवर कुऱ्हाडींचं पोतं. गाड्या वर गेल्या. उंबरापाशी थांबल्या. तिनं पोत्यातनं आबांची स्वतःची कुऱ्हाड काढली, पदरानं पुसली आणि त्यांच्या हातात दिली.

"घ्या. पयला घाव तुमचा. मंग भावाला हाक मारते."

आबा कुऱ्हाड घेऊन उभे राहिले. वर उंबर, खाली शेळ्या, मागं भावकी, बाजूला नटलेली छबू. बँडवाल्यांनी पिपाण्या तोंडातनं काढल्या होत्या. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं की हा घाव पडला तर दुपारपर्यंत गावातली सगळी जनावरं वर असतील, आणि कौसाक्काला कुणी बोल लावू शकणार नाही.

आबांनी कुऱ्हाड खाली ठेवली. मुंडासं सावरलं. काकींना म्हणाले, "हळदकुंकू आणलंय का?"

काकींनी आबांकडं बघितलं, मग उंबराकडं. पुढं झाल्या आणि खोडाला हळदकुंकू वाहिलं. नवऱ्यामुलीनं खालच्या फांदीला हात लावून नमस्कार केला. सवाष्णींनी ओवाळलं. एका भावकीवाल्यानं काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं, काकींनी त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग आबा ओरडले, जुन्या आवाजात, "वाजवा की रं! लगीन हाय का मयत?"

उतरताना पायथ्याला भावानं विचारलं, "आक्के, काय करू?" कौसाक्का गाडीतनं उतरली, चांदीच्या कानामागं खाजवलं आणि म्हणाली, "जा घिऊन." परत गाडीत बसली तेव्हा तिनं पदर तोंडावर घेतला होता. मी दुसरीकडं बघितलं.

मारुतीच्या पारावर पाहुणे वाट बघत बसलेले. मुलाचा मामा कडक इस्त्रीतला. बँड जोरात, बैलांची शिंगं रंगवलेली, गुलाल उधळलेला, आणि गाड्या मोकळ्या. एक पान नाही. मामा पुढच्या गाडीत डोकावला, मागच्या गाडीत डोकावला, आणि आबांना म्हणाला, "अहो चेअरमन, डहाळे कुठं आहेत?"

आबा बैलांचे कासरे आवरायला लागले.

कौसाक्कानं तोंडावरचा पदर काढला आणि गाडीतनंच हात वर केला, डोंगराकडं.

"आणलेत की पाहुणं. थितं ठिवलेत. सावलीत बसायचं आसंल तर चला वर."

मामानं हात कपाळावर धरून वर बघितलं. मग म्हणाला, "किती लांब आहे?"